हापूसच्या पेटीसाठी लिनोकट केलाय, रंग कॉम्प्युटरवर भरायचेत. मदत हवी

उलांडी

नमस्कार मंडळी. आजवर इथे वाचनमात्रच होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

चुलतभावाची देवगडकडे हापूसची कलमं आहेत आणि यंदा तो माल वाशीला न पाठवता थेट मुंबई-पुण्यातल्या गिऱ्हाइकांना देणारे. पेटीवर लावायला लेबल पाहिजे. सगळ्यांच्या पेट्यांवर तोच तो चकचकीत आंब्याचा फोटो असतो, तसला नको म्हणून मी म्हटलं लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून काढलेला ठसा, करून देतो. ए५ आकाराचा ब्लॉक आहे. खाली उलांडीची होडी (तोल राखायला बाजूला दांड्यांनी लाकूड बांधलेली), होडीत पेट्या रचलेल्या, वरून कलमाची फांदी आत आलेली, तिला दोन आंबे, मागे नुसतं आभाळ. आभाळ कोरताना खाचांमध्ये जे बारीक कंगोरे उरतात ते मुद्दाम साफ केले नाहीत, छापल्यावर ते फांदीभोवती बारीक तुटक रेघा होऊन उमटतात, त्यातून वारा सुटलाय असं वाटतं आणि सगळ्या चित्रात मला तेवढंच खरं आवडलंय. शाई काळी, तेलाची. प्रेस नाही, लाकडी डावाच्या पाठीने घासून ठसे काढलेत.

भावाचं म्हणणं, काळ्यापांढऱ्यात आंबा कच्चा का पिका ते कोणाला कळणार? रंग पाहिजे. प्रत्येक रंगाचा वेगळा ब्लॉक कोरायला वेळ नाही, सीझन तोंडावर आलाय. म्हणून ठसा स्कॅन करून रंग कॉम्प्युटरवर भरायचे असं ठरतंय. क्रिता आणि गिंप ही चित्रं रंगवायची दोन्ही सॉफ्टवेअर आहेत, फोटोशॉप नाही. तर स्कॅन कितीवर करू, रंग कसे भरू म्हणजे ते रेघेच्या वर बसल्यासारखे दिसणार नाहीत, प्रेसवाला म्हणतो "कोरेलमध्ये आणून द्या" म्हणजे नक्की काय आणू, आणि मुळात हे असं करणं बरोबर आहे का तेही सांगा.

चाकरमानी_डोंबिवली

पहिली पेटी माझी! 😄

बादवे हल्ली एआयला चित्र दिलं की अर्ध्या मिनिटात रंगवून देतं की, कशाला एवढी डोकेफोड?

शाईबोट

@चाकरमानी, ते रंगवत नाही हो, चित्र पुन्हा नव्याने काढतं. रेघ गुळगुळीत होऊन येते, पेट्यांच्या फळ्या सहाच्या सात होतात आणि उलांडीचा दांडा होडीला कुठे बांधलाय तेच गायब होतं. यांनी एवढं कोरलंय कशासाठी मग.

@उलांडी, ठसा मस्त आलाय, प्रचि (फोटो) मोठं करून बघितलं. आता सविस्तर लिहितो.

स्कॅनच्या आधी वाळवणं महत्त्वाचं. तेलाची शाई पाण्यासारखी उडून जाऊन वाळत नाही, त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत त्याला कायच्या काय वेळ लागतो, पावसाळ्यात तर विचारूच नका. वरून वाळलेली वाटते आणि झाकण दाबलं की स्कॅनरच्या काचेवर होडी उमटते. बटर पेपरचा तुकडा ठेवून बोटाने हलकेच दाबून बघा, डाग आला तर थांबा.

दुसरं, स्कॅनर कुठला आहे? प्रिंटरला जोडून येतात ते बहुतेक सीआयएस सेन्सरचे, त्यांना काचेला चिकटलेलं तेवढंच नीट दिसतं. कागद ओल धरून फुगला असेल तर जिथे उचलला गेलाय तिथे रेघ धूसर येणार. जुना, जाडजूड, सीसीडीवाला फ्लॅटबेड कोणाकडे धूळ खात पडलेला असेल तर तो आणा. नसेल तर ठसा रात्रभर जड पुस्तकांखाली दाबून मग स्कॅन करा.

६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), ग्रेस्केल म्हणजे करड्या छटांत, आणि फाइल टिफ. ए५ हे ६०० ने स्कॅन केलं की पुढेमागे ए३ चं पोस्टर करायचं झालं तरी ३०० डीपीआय मिळतात. जेपीजी नको, काळ्या रेघेच्या कडेला किडे पडतात. आणि स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं ऑटो शार्पन, डस्ट रिमूव्हल असलं सगळं आधी बंद करा, ते तुमच्या आभाळातले कंगोरेच धूळ समजून पुसून टाकेल. डावाने घासलेल्या ठशात कुठेकुठे शाई जाड बसते आणि चमकते, स्कॅनमध्ये काळ्यात पांढरे ठिपके दिसतात. तसं झालं तर कागद काटकोनात फिरवून दुसरा स्कॅन घ्या, उजेड वेगळ्या बाजूने पडतो.

मग लेव्हल्स, म्हणजे उजेड-काळोखाचे स्लायडर. कागद पांढरा आणि शाई काळी होईल इतपतच ओढा. रेघेचा लेयर सगळ्यात वर, त्याचा मोड मल्टिप्लाय, आणि रंग त्याच्या खालच्या लेयरवर. मल्टिप्लायमध्ये पांढरं असतं ते दिसेनासं होतं, काळं काळंच राहतं, म्हणून रंग रेघेच्या खालून आल्यासारखे दिसतात. कागदाची राखाडी झाक मात्र राहू देऊ नका, नाहीतर सगळे रंग मळकट होतात. गिंपमध्ये कलर टू अल्फा करून पांढरं पारदर्शक करून टाकलंत तरी चालेल, मला वैयक्तिक तेच सोयीचं वाटतं.

तिसऱ्या

वाखुसा (वाचनखूण साठवली). शाईबोट, तुम्ही लेखच लिहा आता.

बावखोल

बरा काढलंस रे. पण माका एक सांग, रंग घालूक कॉम्प्युटर कित्याक होयो? आमच्या लहानपणी पेटी लाकडाची, वर पत्र्याचो छापो धरून काळ्या रंगान बागायतदाराचा नाव मारीत. एकच रंग. आंबो पिवळो आसा ता पेटी उघडल्यार कळताच. भावाक सांग.

उलांडी

@बावखोल काका, भावाला तुमची पोस्ट दाखवली. म्हणाला पुण्यातलं गिऱ्हाईक पेटी उघडायच्या आधी मोबाईलवर फोटो बघतं.

@शाईबोट, लई धन्यवाद. सीसीडीवाला स्कॅनर गावातल्या फोटो स्टुडिओत सापडला. स्कॅन झाला. बादली टूलने पेट्यांमध्ये रंग ओततोय तर दोन गोष्टी होतायत. एकतर रेघ जिथे तुटली आहे तिथून रंग बाहेर पळतो आणि आख्खं आभाळ पिवळं, आणि जिथे पळत नाही तिथे रेघेला लागून पांढरी कड राहते.

शाईबोट

लिनोकटला बादली वापरूच नका. हे कॉमिक नव्हे, इथे रेघा बंद नसतातच. क्रितात आपोआप रंग भरणारा कलराइझ मास्क आहे, तो बऱ्यापैकी अंदाज घेतो, पण माझं मत विचाराल तर सरळ लॅसो. हाताने आकार पाडा, काळ्या रेघेच्या मधोमध जा, आणि सिलेक्शन भरा. कड आपोआप रेघेखाली दडते. बादलीच हवी असेल तर सिलेक्शन दोनतीन पिक्सेलनी वाढवून मग भरा, ती पांढरी कड जाईल. कड येते कारण रेघेच्या काठाला करडे पिक्सेल असतात आणि बादली त्यांच्या अलीकडेच थांबते.

आणि रंग सपाट ठेवा. ग्रेडियंट नको, एअरब्रश नको, आंब्यावर चकाकीचा ठिपका तर अजिबात नको. ब्लॉक कोरून छापले असते तर किती रंग परवडले असते तेवढेच घ्या. माझ्या मते तीन. आंब्याचा, पानाचा आणि एक होडी-पेट्यांना मिळून.

सपाट म्हणजे प्लास्टिकसारखं मेलेलं नको असेल तर एक करा. कोऱ्या, न कोरलेल्या लिनोच्या तुकड्यावर रोलरने काळी शाई अगदी पातळ लावा आणि कागदावर छापा. एकसंध काळं येणार नाही, बारीक बारीक पांढरी भोकं राहतील, कुठे कागदाचा पोत दिसेल. हे स्कॅन करा, पांढरं अल्फा करा, अल्फा लॉक करून (म्हणजे पारदर्शक जागी रंग जात नाही) त्यावर तुमचा पिवळा ओता. झाला तुमचा छापलेला पिवळा. लॅसोचे आकार याच्यातून कापायचे. शाई तुमचीच, हात तुमचाच, फक्त रंग बदलला.

कोरेलवाला

प्रेसच्या बाजूने चार गोष्टी सांगतो, ऑफसेटवर आयुष्य गेलंय.

शाईबोट म्हणतात ते पडद्यावर बरोबर आहे पण ग्रेस्केलची रेघ प्रेसला देऊ नका. ऑफसेटला करडा छापता येत नाही, तो ठिपके पाडून करड्याचा आभास करतो. रेघ ग्रेमध्ये असली की तिच्या काठाचे ठिपके पडणार आणि लेबल हातात घेऊन बघितलं की कड धूसर. रेघेची फाइल एक-बिट द्यायची, म्हणजे पिक्सेल एकतर काळा नाहीतर नाहीच, मधलं काही नाही, आणि १२०० डीपीआय. ती प्लेटवर जशीच्या तशी जाते. तुमचा ६०० चा ग्रे स्कॅन आधी दुप्पट मोठा करा, मग थ्रेशोल्ड (कितपत करडं काळ्यात धरायचं तो उंबरठा) मारा, म्हणजे पायऱ्या पडत नाहीत. साइजची भीती नको, ए५ ची अशी फाइल कॉम्प्रेस न करताही ९ एमबीच्या आत बसते.

काळा फक्त काळ्या शाईत. के १००, बाकी शून्य. आरजीबीतला (पडद्यावरच्या रंगांतला) काळा तसाच सीएमवायकेत (प्रेसच्या चार शायांत) उलटवला की तो चारही शायांचा होतो, आणि मशीनवर प्लेटी केसभर सरकल्या की तुमच्या सुंदर रेघेला एका बाजूने गुलाबी आणि एका बाजूने निळी झालर. आणि काळ्याला ओव्हरप्रिंट लावा, म्हणजे खालचा रंग सलग छापला जातो, काळ्याच्या जागी भोक पडत नाही, मग रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, थोडं हललं तरी मधे कागद दिसत नाही.

"कोरेलमध्ये आणून द्या" म्हणजे ट्रेस करून, रेघा कोरेलच्या आकारांत बदलून, आणा असं नाही हो. लोक ट्रेस करून आणतात, हजारो नोड, खाचेचे टोकदार कोपरे गोल झालेले, फाइल उघडायला पाच मिनिटं. टिफच आणा आणि कोरेलमध्ये ठेवा. कोरेल नसेल तर स्क्रायबसमध्ये मांडून पीडीएफ करा, फुकट आहे. चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) सोडायला विसरू नका.

उलांडी

पण थ्रेशोल्ड मारला की माझे कंगोरे जाणार ना? करून बघितलं, आभाळ एकतर पूर्ण साफ होतंय नाहीतर होडीचा सगळा काळा चिखल होतोय. मधला आकडाच सापडत नाहीये.

शाईबोट

कोरेलवाल्यांचं म्हणणं मान्य, मी पडद्याचा आणि इंकजेटचा विचार करत होतो.

@उलांडी, सगळ्या चित्राला एकच आकडा लावायची सक्ती कोणी केलीये? आभाळ सिलेक्ट करा, त्याला वेगळा थ्रेशोल्ड, होडीला वेगळा. आभाळातल्या कंगोऱ्यांवर शाई पुसटच लागलेली असते, ते करडे आलेत, म्हणून तिथे उंबरठा वर घ्यायचा म्हणजे फिकट करडंही काळ्यात जमा होतं. होडीत शाई भरपूर आहे, तिथे खाली घ्या. दोन्ही तुकडे एकाच कागदाच्या लेयरवर जोडले की झालं. १२०० ला डोळ्यांना दिसणारा प्रत्येक ओरखडा राहतो, मी छापून घेतलंय.

तिसऱ्या

मी थोडा वेगळा सूर लावते. तुमच्याकडे जास्तीचे ठसे आहेत ना? मग त्यातल्याच एकावर सरळ वॉटरकलरने रंगवा की. तेलाची शाई पूर्ण वाळली असेल तर पाण्याने हलत नाही, फुटत नाही. (पाण्यावर आधारलेल्या शाईवर हे करू नये, सगळं काळं पसरतं.) मग तो रंगवलेला ठसा स्कॅन करा. रंग हाताचेच झाले.

आणि "हे बरोबर आहे का" असं विचारलंत म्हणून, छापील काळ्या रेघेत नंतर रंग भरणं ही काही आजची भानगड नाही. जपानमध्ये १७६५ च्या सुमाराला हारुनोबू या चित्रकाराच्या वेळी पूर्ण रंगीत लाकडी ठशांची चित्रं रुळली, त्याआधी कितीतरी वर्षं काळी रेघ छापून वर ब्रशने रंग लावत होते. आपल्याकडचं बघा, राजा रविवर्म्याच्या छापखान्याची देवांची चित्रं आमच्या आजोळी माजघरात होती. तो छापखाना १८९४ ला मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला गेला, एकेका रंगाला वेगळा दगड. एवढे रंग छापून आले तरी बायकांचं समाधान नव्हतं, लक्ष्मीच्या साडीला जर आणि टिकल्या चिकटवून फ्रेम करायच्या. आमच्या घरी होती तशी एक.

चाकरमानी_डोंबिवली

आमच्याकडे सरस्वतीच्या वीणेला मणी होते 😄

कोरेलवाला

ताई, हातानं रंगवून स्कॅन केलेलं चांगलंच दिसेल पण मग रेघ आणि रंग एकाच फाइलमध्ये अडकतात, काळा वेगळा काढता येत नाही, पुन्हा ती चार शायांची झालर. तसंच करायचं असेल तर काळ्याचा स्कॅन रंगवायच्या आधी घेऊन ठेवा आणि रंगवल्यावर दुसरा घ्या.

तिसऱ्या

हे पटलं. किंवा कोऱ्या कागदाखाली ठसा ठेवून खिडकीच्या काचेवर धरायचा आणि फक्त रंग वेगळ्या कागदावर रंगवायचे. चारी कोपऱ्यात फुल्या मारायच्या, जुळवायला.

घाटमाथा

वाचतोय. माझं मत कडू लागेल, पण काळ्यापांढऱ्या लिनोकटची ताकदच त्यात आहे. चित्रकार नंदलाल बोसांचा दांडीयात्रेचा गांधी आठवा, १९३०, काळ्यावर पांढऱ्या रेघा, हातात काठी. त्यात रंग भरायची कोणाची छाती आहे? उलांडींचं आभाळ बघितलं, त्या तुटक रेघांमागे निळा भरला की मेलं चित्र. रंग भरायचेच तर आभाळ कोरं सोडा.

उलांडी

@घाटमाथा, कडू नाही, उलट बरं झालं. काल निळा घालून बघितला आणि काहीतरी खटकत होतं ते हेच. आभाळ कागदाचंच ठेवतोय.

अजून एक. एका मित्राने सुचवलं की रंग मुद्दाम थोडे रेघेच्या बाहेर सरकवायचे, म्हणजे रजिस्ट्रेशन चुकल्यासारखं आणि "हँडमेड" दिसतं.

शाईबोट

नको. हाताने छापताना ब्लॉक सरकतो तो सरकतो. कॉम्प्युटरवर मोजून दोन मिलिमीटर सरकवणं म्हणजे नव्या चपलांना दुकानातच धूळ फासून आणणं. तुमच्या रेघेत हात दिसतोय, रंगाला सोंग कशाला.

घाटमाथा

+१. आणि याच ओघात, लेबलवर "हस्तमुद्रित" किंवा "हँडमेड प्रिंट" छापू नका प्लीज. हल्ली प्रदर्शनात डिजिटल प्रिंटवर पेन्सिलने ३/५० (पन्नासातला तिसरा ठसा) लिहून, सही ठोकून विकायला ठेवलेलं बघतो आणि टाळकं सरकतं. घेणाऱ्याला वाटतं ब्लॉकवरून काढलेला ठसा आहे.

चाकरमानी_डोंबिवली

पण लेबलावर कोण बघतंय? माणूस आंबे बघणार.

घाटमाथा

आंब्यांच्या बाबतीत तुम्ही असं म्हणाल का? कर्नाटकचा माल देवगडच्या नावाने विकला की हेच चाकरमानी फेसबुकवर पानभर लिहितात. कोकणातल्या हापूसला २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो याचसाठी ना, की नाव एक आणि आत दुसरंच असं होऊ नये. मग पेटीवरच्या चित्राला वेगळा न्याय का?

चाकरमानी_डोंबिवली

बरं बाबा, हरलो.

शाईबोट

सोपं आहे हो. लेबलच्या खाली बारीक अक्षरात "मूळ चित्र लिनोकट, रंग संगणकावर" एवढं टाका. आणि डावाने घासून काढलेले काळे ठसे आहेत त्यांवर पेन्सिलने नंबर घाला, सही करा, ते वेगळे विका. तो अस्सल माल आहे आणि त्याचे दोन पैसे जास्त मागायला लाजू नका. तशी सावंतवाडीची गंजिफा घ्यायला गेलं की हातानं रंगवलेल्या संचाची किंमत ऐकून लोक डोळे विस्फारतात, पण एकेका गोल पत्त्यावर बसून काम करणारा माणूस समोर बघितला की घासाघीस करायचं धाडस होत नाही.

बावखोल

माका एक ठसो ठेव. काळोच. रंगवलेलो नको.

उलांडी

ठेवला काका 🙏

आता रंगांचं. पडद्यावर पानांचा हिरवा इतका झकास दिसतोय आणि घरच्या प्रिंटरवर शेवाळ. आंबा पण फिका. प्रेसवर काय येईल?

कोरेलवाला

पडदा उजेडाचा, कागद शाईचा. तो पोपटी हिरवा चार शायांत मिळतच नाही, कोणी कितीही सांगो. क्रितात डॉक्युमेंट पहिल्यापासून सीएमवायकेत करा म्हणजे निदान स्वप्नं पडणार नाहीत. पडद्यावर रंग निवडू नका, प्रेसमध्ये छापील शेडकार्ड असतं त्यावर बोट ठेवून आकडे घ्या. हापूसला माझा आवडता म्हणजे मजेंटा (गुलाबी) ३५, पिवळा १००, सायन (निळा) शून्य. सायन आंब्यात चुकूनही जाऊ देऊ नका, जरासा गेला तरी आंबा डागाळलेला वाटतो. देठाकडच्या खांद्याला लाली दाखवायची असेल तर मजेंटा ५५ चा एक सपाट तुकडा वेगळा टाका. पानाला सायन ७५, मजेंटा ३०, पिवळा १०० ने सुरुवात करा.

एक विचारायचं राहिलं, हे लेबल स्टिकर आहे का थेट पुठ्ठ्याच्या खोक्यावर छापायचंय?

उलांडी

भाऊ म्हणतोय थेट खोक्यावरच छापू, स्टिकरचा खर्च वाचेल.

कोरेलवाला

मग आतापर्यंतचं सगळं विसरा 😀 कोरुगेटेड खोक्यावर फ्लेक्सोने छापतात, रबरासारख्या मऊ प्लेटने, आणि तपकिरी कागदावर. शाई पारदर्शक असते, तुमचा पिवळा तपकिरीवर पडला की मोहरी होणार. खाली पांढरा मारून घेता येतो पण मग स्टिकरचा वाचलेला खर्च तिकडे गेला. शिवाय प्लेट दबते आणि शाई पसरते, आभाळातल्या बारीक पांढऱ्या फटी पहिल्या बुजणार.

माझा सल्ला, खोक्यावर नुसती काळी होडी आणि बागेचं नाव, मोठं, रेघा जाड ठेवून. रंगीत चित्राचा स्टिकर वरच्या झाकणावर, आर्ट पेपरपेक्षा साध्या अनकोटेड कागदावर घ्या, लिनोकटला चकाकी शोभत नाही. अनकोटेडवर शाई शोषली जाते, रंग एक पायरी उतरतात, तेवढं आधीच धरा. आणि पेटीत पेंढा घालता ना? आंबे पिकताना आत उष्णता आणि ओल असते, स्टिकरचा गोंद चांगला सांगा नाहीतर कोपरे सुटतात.

बावखोल

बघ, शेवटी पेटीर काळोच छापो इलो.

उलांडी

😂 काका जिंकले.

आज प्रूफ आलं, अनकोटेडवर. रेघ खणखणीत, आभाळातले कंगोरे जवळपास सगळे आलेत, झालर अजिबात नाही. आंबा भावाला पसंत. पानं मात्र त्याला पटत नाहीयेत, म्हणतो ही निळसर झाक कलमाच्या पानाची नव्हे, पालवी फुटलेली थोडी तांबूस दाखव. चौथा रंग घालू का?

कोरेलवाला

नवा रंग कशाला, आंब्याच्या लालीचा मजेंटा ५५ वाला तुकडा आहे ना, तोच टोकाच्या चारसहा पानांना द्या. बाकी पानांत सायन ६० वर आणा, निळसरपणा जाईल. फाइल बदललीत की पानांचा लेयर तेवढा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडच्या शेडकार्डावर जुळवून सांगतो, आणि प्लेटी काढायच्या आधी प्रेसवाल्याकडून ओव्हरप्रिंट चालू आहे ना ते एकदा विचारून घ्या, बरेच जण फाइल उघडली की तो उडवतात.